रेव्हरंड पीटर पर्सिव्हल : प्रस्तावना

ज्या परकी गृहस्थाने आपल्या आयुष्याचे सुमारे अर्धशतक तमिळ भाषेच्या सेवेत वेचले, ज्याच्या हाताखाली वाढलेल्या शिष्यांनी पुढे तमिळ गद्याला आणि तमिळ ग्रंथसंशोधनाला निश्चित दिशा दिली, आणि ज्याचे स्वतःचे सर्वांत मोठे काम मात्र त्याच्याच धर्मबांधवांनी वीसएक वर्षांत बाजूला सारले, त्या रेव्हरंड पीटर पर्सिव्हलचे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेले असण्याचा संभव थोडा आहे. मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचे डॉ. जॉन विल्सन उभे राहतात, अहमदनगरची अमेरिकन मिशन आणि तिचा 'ज्ञानोदय' आठवतो, एतद्देशीयांपैकी बाबा पदमनजी व रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची आठवण होते. आणि तेथेच आपल्या माहितीची हद्द संपते. कृष्णेच्या दक्षिणेस एकोणिसाव्या शतकात याच हेतूने आलेल्या याच प्रकारच्या माणसांनी काय केले, त्यांना कोणते देशी पंडित भेटले आणि त्या भेटींतून काय निष्पन्न झाले, याची चौकशी आपण क्वचितच केलेली आहे.

वास्तविक ही चौकशी आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. तंजावरच्या गादीवर बसलेले सरफोजी राजे हे श्वार्ट्झ या लूथरपंथी पाद्र्याच्या छत्राखाली वाढले, आणि राज्यप्राप्तीपूर्वीचा काही काळ मद्रासेत राहून त्यांनी गेरिके या दुसऱ्या पाद्र्याजवळ शिक्षण घेतले, ही गोष्ट इतिहासाला ठाऊक आहे. त्यांच्याच आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरास देवनागरी मुद्रणालय उभे राहून इसापनीतीचे मराठी भाषांतर छापले गेले, तेव्हा खुद्द महाराष्ट्रात मराठी मुद्रणाचा नीटसा ओनामाही झालेला नव्हता. मद्रासच्या ज्या सरकारी हायस्कुलातून पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज उदयास आले आणि जेथे पर्सिव्हलने उत्तरायुष्यात अध्यापन केले, त्याच हायस्कुलात त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजवणारे सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी गृहस्थ पॉवेलसाहेबांच्या हाताखाली तयार झाले होते. सारांश, मद्रास हे आपल्या इतिहासाच्या नकाशावरचेच एक ठिकाण आहे, आणि तेथे घडलेली विद्येची उलाढाल ही दुरून पाहण्याची मौज नव्हे.

पर्सिव्हल ज्या पंथाचा उपदेशक म्हणून हिंदुस्थानच्या बाजूस आला, त्या मेथॉडिस्ट पंथाची ओळख येथे थोडक्यात करून देणे अवश्य आहे. जॉन वेस्ली हा ऑक्सफर्डमध्ये शिकलेला इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचा धर्मोपदेशक. परंतु १७३९ साली त्याने चर्चच्या भिंतींबाहेर, उघड्या माळावर, खाणकामगारांपुढे उपदेश करण्यास आरंभ केला, आणि तेथून पुढे उण्यापुऱ्या पन्नास वर्षांत घोड्यावरून गावोगाव हिंडून त्याने श्रमजीवी वर्गात एक नवी धर्मजागृती केली. उपदेशकाने एका जागी ठाण मांडून न बसता नेमून दिलेल्या फेरीत फिरत राहावे, अनुयायांनी दहाबाराजणांच्या मंडळ्या करून दर आठवड्यास आपल्या आचरणाचा हिशेब एकमेकांस द्यावा, आणि पदे, पत्रके व शाळा यांच्या द्वारा धर्म सामान्य माणसाच्या तोंडी बसवावा, ही या पंथाची कार्यपद्धती. ती ध्यानात ठेवावयाची, कारण पुढे तिचा अवलंब कोणी आणि कशासाठी केला, हा या चरित्रातील सर्वांत उद्बोधक भाग आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे १८१३ साली नूतनीकरण होऊन तिच्या मुलखात मिशनऱ्यांना येण्यास वाट मोकळी झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. टॉमस कोक हा वृद्ध मेथॉडिस्ट पुढारी आपल्या तरुण सहकाऱ्यांसह सिलोनच्या वाटेस लागला. कोक वाटेतच, ३ मे १८१४ रोजी, हिंदी महासागरात मरण पावला. आणि पुढारी हरपलेली ती मंडळी प्रथम मुंबई बंदरात उतरली, तेथे गव्हर्नर सर एव्हन नेपियन याने त्यांना आश्रय दिला, आणि मग त्यांच्यापैकी बहुतेकजण जूनअखेर गॉलला पोहोचले. पूर्वेकडील या पंथाच्या कारकिर्दीत हिंदी भूमीवरचे पहिले पाऊल असे आपल्या मुंबईत पडले. त्यांच्यापैकी जेम्स लिंच आणि टॉमस स्क्वान्स हे तमिळभाषी जाफन्यात गेले, आणि तेथून १८१७ साली लिंच मद्रासेत येऊन त्याने रॉयपेट्टा भागात मिशनचे ठाणे वसवले. जाफना आणि मद्रास यांच्यामध्ये समुद्र असला तरी भाषा एक, आणि या दोन ठिकाणांमधील पंडितांची, छापखान्यांची व पुस्तकांची ये-जा समजल्याशिवाय पर्सिव्हलचे आयुष्य समजावयाचे नाही.

पर्सिव्हलचा जन्म १८०३ चा. वेस्लियन मंडळाने त्याला १८२६ साली सिलोनला पाठविले, तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. मध्यंतरीची काही वर्षे कलकत्त्यास घालवून तो पुन्हा जाफन्यास आला, आणि तेथील मिशनच्या इंग्रजी शाळेची त्याने नव्याने उभारणी केली. मुलींच्या शिक्षणाचा पाया घालण्यातही त्याचा वाटा होता. मिशनऱ्याच्या आयुष्यातील ही कामे ठरीव साच्याची आहेत आणि त्यांचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. पर्सिव्हलचे वेगळेपण दिसू लागते ते त्याच्या भाषाभ्यासात. परकी उपदेशकाने बाजारापुरती बोली हस्तगत करून तिच्यात उपदेश ठोकावा, आणि ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात हसावे, हा प्रकार सर्व हिंदुस्थानभर चाललेला होता. पर्सिव्हलला मात्र असे वाटू लागले की ज्या समाजात शुद्ध आणि प्रौढ भाषेला विद्येचा व शीलाचा दाखला मानतात, त्या समाजात अशुद्ध भाषेतील धर्मग्रंथ हा आपल्याच हाताने आपली अप्रतिष्ठा करून घेण्याचा प्रकार आहे.

तमिळमध्ये ख्रिस्ती शास्त्र उतरविण्याचा खटाटोप त्याच्यापूर्वी शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेला होता. तरंगंबाडीच्या झीगेनबाल्गने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नवा करार छापला. मद्रासच्या वेपेरीत दीर्घकाळ राहिलेल्या फॅब्रिशियसने त्या शतकाच्या उत्तरार्धात संपूर्ण ग्रंथाचे भाषांतर सिद्ध केले. त्यानंतर ऱ्हेनियसने नवा करार पुन्हा घडविला. फॅब्रिशियसची भाषा पंडितांना ओबडधोबड वाटे, पण पिढ्यान्‌पिढ्या ऐकून ती ख्रिस्ती कुटुंबांच्या जिभेवर बसली होती. या परिस्थितीत बायबल सोसायटीच्या आश्रयाने एक नवे भाषांतर करण्याची जबाबदारी पर्सिव्हलकडे आली, आणि तिच्या पूर्ततेसाठी त्याने जो माणूस निवडला, त्या निवडीतच त्याच्या बुद्धीचा आणि धैर्याचा खरा पुरावा आहे.

नल्लूर गावचा आरुमुगम् हा शैव वेळाळ कुळातला तरुण वेस्लियन शाळेतच इंग्रजी शिकला होता आणि पुढे तेथेच शिकवू लागला होता. तमिळ काव्यशास्त्रात आणि व्याकरणात त्याची गती असामान्य होती. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार त्याने कधीही केला नाही, आणि करण्याचा त्याचा विचारही नव्हता; इतके असूनही १८४१ च्या सुमारापासून पुढे सातएक वर्षे पर्सिव्हलने आपल्या धर्माचा मूलग्रंथ या शैव पंडितासमवेत शब्दाशब्दाने घडविला. एरवी मिशनरी आणि त्याचा मुन्शी यांच्यातील नाते धन्याचे आणि नोकराचे असे. मुन्शीने सुचवावे, साहेबाने पसंत वा नापसंत करावे, आणि पुस्तकावर नाव साहेबाचे पडावे, ही सर्वमान्य वहिवाट होती. पुस्तकावरील नावापुरती ती येथेही सुटली नाही. तथापि तमिळ वाक्य कसे असावे, या प्रश्नाचा निवाडा तमिळ पंडितानेच करावयाचा, हे तत्त्व पर्सिव्हलने व्यवहारात मान्य केले, आणि एका मिशनऱ्याने परधर्मीयाच्या अधिकाराला दिलेली ही मान्यता त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती.

१८४८ मध्ये हे काम तपासणीसाठी मद्रासेत नेण्यात आले, आणि आरुमुगम् पर्सिव्हलसमवेत तेथे गेला. जाफन्याचे तमिळ हे बेटावरचे तमिळ, ते मद्रासच्या पंडितसभेत कसे काय टिकणार, अशी शंका राजधानीच्या शहरात घेतली जाणे स्वाभाविक होते. महालिंग अय्यर या मद्रासच्या मान्यवर विद्वानाने भाषांतर पाहून त्याच्या शुद्धतेचा निर्वाळा दिला, आणि १८५० साली मद्रासच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून तो ग्रंथ बाहेर पडला.

यानंतर जे घडले ते मराठी वाचकाने विशेष लक्षपूर्वक वाचावे. आरुमुगम् याने मिशनची चाकरी १८४८ मध्येच सोडली आणि जाफन्याजवळ वण्णारपण्णै येथे शैव शाळा काढली. तत्पूर्वीच त्याने देवळात दर शुक्रवारी व्याख्यानांचा परिपाठ सुरू केलेला होता. नंतर त्याने मद्रासेतून छापखाना नेला, मुलांसाठी क्रमिक पुस्तके लिहिली, प्रश्नोत्तररूपाने शैवधर्माची तत्त्वे सांगितली, नायन्मार संतांच्या पुराणाला गद्यरूप दिले, आणि १८५४ च्या ग्रंथात मिशनऱ्यांच्या आक्षेपांचे, त्यांच्याच बायबलातील आधार काढून, तपशीलवार खंडन केले. तिरुवावडुदुरैच्या मठाने त्याला 'नावलर' ही पदवी दिली आणि तेच त्याचे जगन्मान्य नाव झाले. ठरल्या वारी प्रवचन, गावोगाव फेरी, पत्रके, शाळा, प्रश्नोत्तरी, ही सारी सामग्री कोठली, हे सांगण्याची गरज नाही. मेथॉडिस्टांनी आपल्या प्रसारासाठी जी आयुधे जाफन्यात आणली, ती त्यांच्याच शाळेत हाताळून पाहिलेल्या विद्यार्थ्याने त्यांच्याविरुद्ध, आणि त्यांच्यापेक्षा अधिक सफाईने, चालवून दाखविली.

आपल्याकडे याच दशकात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद करीत होते, आणि त्या वादाचा वृत्तान्त छापून प्रसिद्ध करणारा जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मिशनरी पुढे, १८७० नंतर, विल्यम टेलर याच्या प्रेरणेने मुंबईत स्थापन झालेल्या मेथॉडिस्ट मंडळीत सामील झाला, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. तथापि विष्णुबुवा आणि नावलर यांच्यात एक भेद आहे. विष्णुबुवा मिशनऱ्यांना बाहेरून भिडले. नावलरांनी त्यांच्या धर्मग्रंथाची प्रत्येक ओळ स्वतःच्या लेखणीखालून घातलेली होती, आणि म्हणून त्यांचे खंडन हे ऐकीव माहितीवरचे नव्हे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की जातिव्यवस्थेच्या बाबतीत नावलर पूर्णतया सनातनी होते. मिशनच्या शाळांचा दरवाजा ज्यांना थोडाफार उघडा झाला, त्यांना शैव पुनरुज्जीवनाने तितक्याच आपुलकीने आत घेतले असे म्हणता येत नाही. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांचे स्मरण असलेल्या मराठी वाचकाला या मुद्द्याचे महत्त्व समजावून द्यावयास नको.

आणि पर्सिव्हलच्या भाषांतराचे काय झाले? विद्वानांनी ते वाखाणले. ख्रिस्ती मंडळ्यांनी ते स्वीकारले नाही. देवळात बसणारा श्रोता बहुतांशी गरीब, खेड्यातला, फॅब्रिशियसच्या शब्दांवर वाढलेला. त्याला हे भारदस्त तमिळ आपल्या देवाचे वाटेना. अखेर हेन्री बॉवर यांच्या पुढाकाराने एका समितीने निराळे भाषांतर हाती घेतले, त्यात जुन्या, परिचित पाठाला मान देऊन मध्यम मार्ग काढला, आणि १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेला तो पाठ पुढे पिढ्यान्‌पिढ्या प्रचारात राहिला. पर्सिव्हलचे अपयश हे अज्ञानाचे नव्हते. भाषा शुद्ध असावी हे त्याने ओळखले. पण ती कोणाच्या कानांसाठी शुद्ध असावी, या प्रश्नाचे उत्तर त्याने पंडितांकडून घेतले आणि मंडळीला विचारावयाचे राहून गेले. आपल्याकडे मेजर कँडी यांच्या व्याकरणशुद्ध पण ताठर मराठीविषयी जी तक्रार झाली, तिच्याशी ही गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे.

ग्रंथ छापून झाल्यावर लवकरच पर्सिव्हलने वेस्लियन मंडळाचा संबंध सोडला आणि तो इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चमध्ये गेला. स्वदेशी असताना कँटरबरीच्या सेंट ऑगस्टिन कॉलेजात त्याने हिंदुस्थानावर व्याख्याने दिली. त्यांतून १८५४ साली निघालेला इंग्रजी ग्रंथ 'वेदभूमी' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यानंतर तो मद्रासेत आला, आणि येथपासून त्याच्या आयुष्याचा दुसरा अंक सुरू होतो. १८५५ मध्ये 'दिनवर्तमानी' हे तमिळ साप्ताहिक निघाले, त्याचे संपादकत्व त्याच्याकडे होते. त्याच वर्षी हायस्कुलाचे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले, आणि त्या कॉलेजात देशी भाषांचा प्राध्यापक म्हणून त्याने काम केले.

'दिनवर्तमानी'च्या निमित्ताने त्याने जाफन्याहून सी. वै. दामोदरम् पिळ्ळै या तरुणाला मद्रासेत बोलावून घेतले. १८५७ मध्ये मद्रास विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या पदवीधरांत हे दामोदरम् पिळ्ळै आणि विश्वनाथ पिळ्ळै असे जाफन्याचेच दोन विद्वान होते. दामोदरम् पिळ्ळै यांनी पुढे ताडपत्रांच्या जुडग्यांत जीर्ण होत चाललेले 'तोल्काप्पियम्', 'कलित्तोगै' यांसारखे प्राचीन ग्रंथ शोधून, पाठ ताडून, छापून काढले. महामहोपाध्याय स्वामीनाथ अय्यर यांच्या विश्रुत कार्याला त्यांची जोड मिळाली, आणि तमिळ भाषेला आपल्या प्राचीनतेचा छापील दाखला प्राप्त झाला. विद्येच्या या वंशवृक्षात पर्सिव्हलचे स्थान मुळाचे खचित नव्हे. पण दोन पिढ्यांना एका शहरात, एका छापखान्यापाशी आणि एका कॉलेजापाशी आणून सोडणाऱ्या मध्यस्थाचे स्थान त्याला नाकारता यावयाचे नाही.

त्याच्या स्वतःच्या लेखणीने या काळात तमिळ व तेलुगू कोश सिद्ध केले. पण त्याच्या सर्व कामांत आजही ज्याला हात लावावासा वाटतो, असे काम म्हणजे त्याचा म्हणींचा संग्रह. जाफन्यात आरंभिलेला हा संग्रह वाढत वाढत १८७४ मध्ये 'दिनवर्तमानी' छापखान्यातून इंग्रजी भाषांतरासह पुन्हा निघाला, तेव्हा त्यात सहा हजारांहून अधिक म्हणी होत्या, आणि संग्राहकाचे वय सत्तरीच्या पलीकडे गेले होते. आपल्याकडे मॅनवेअरिंग या मिशनऱ्याचा मराठी म्हणींचा इंग्रजी संग्रह यायला १८९९ साल उजाडावे लागले. बायबलाच्या भाषांतरात ज्याने पंडितांचा कौल प्रमाण मानला, त्याच पर्सिव्हलने म्हणींच्या पुस्तकात स्वयंपाकघर, शेत, बाजार आणि कचेरी येथील तमिळला मान्यता दिली. आपल्या पूर्वीच्या भूमिकेची ती जाणूनबुजून केलेली दुरुस्ती होती असे म्हणण्यास आधार नाही. परंतु दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले असता भाषेचे दोन टोकांचे दोन अधिकारी दिसतात, आणि त्या दोघांनाही एकाच माणसाने आपल्या आयुष्यात मुजरा केलेला आढळतो.

येथे एका धोक्याची सूचना देणे इष्ट आहे. पर्सिव्हल हा हिंदूंचा छुपा कैवारी होता, असा समज करून घेऊन कोणी या चरित्राकडे वळेल, तर त्याची निराशा होईल. त्याचा उद्देश धर्मांतराचा होता आणि तो त्याने कधी लपविला नाही. 'वेदभूमी'त हिंदू आचारांविषयी त्या काळच्या मिशनऱ्यांना शोभेल अशीच दृष्टी आहे. कंपनी सरकारच्या राज्याविषयी त्याच्या मनात मूलभूत प्रश्न उठलेला दिसत नाही. चरित्रनायकाचे हे दोष झाकून त्याला आपल्या सोयीचे करून घेणे जितके अनुचित, तितकेच त्या दोषांचे भांडवल करून त्याची सारी कामे एका शेऱ्यात बरखास्त करणे हेही अनुचित होय. हेतू एक आणि फलित दुसरे, हा अनुभव इतिहासात नवा नाही. येथे तो एका माणसाच्या आयुष्यात विलक्षण स्पष्टपणे पाहावयास मिळतो इतकेच.

पर्सिव्हल १८८२ च्या जुलैत, सेलमजवळच्या यरकॉड या डोंगरी गावी मरण पावला. त्याच्या कन्येचा विवाह रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाशी झाला होता, ज्याने १८६३ च्या मे महिन्यात मद्रासजवळ पल्लावरम् येथे अश्मयुगीन मानवाचे हत्यार ओळखून हिंदुस्थानच्या प्रागितिहासाचे दार उघडले. सासऱ्याचा प्रभाव या जावयावर पडलेला होता असे सांगतात. एकाने भाषेच्या थरांत खोदले, दुसऱ्याने मातीच्या. आणि ज्या दोन पंथांमधील कुंपण ओलांडल्याबद्दल पर्सिव्हलला जुने सहकारी सोडावे लागले, ते दोन्ही पंथ इतर मंडळ्यांसह २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कथीड्रलमध्ये एकत्र येऊन दक्षिण हिंदुस्थानचे संयुक्त चर्च स्थापन झाले. रॉयपेट्ट्याचे वेस्ली चर्च आज त्याच संघाचे अंग आहे. टेलरच्या परंपरेतील अमेरिकन मेथॉडिस्ट मंडळ्या मात्र वेगळ्याच राहिल्या.

मिशनऱ्याची चरित्रे आजवर दोन प्रकारे लिहिली गेली : त्याच्या मंडळाने त्याने किती आत्मे तारले याचा जमाखर्च मांडला, आणि त्याच्या विरोधकाने किती घरे फोडली याचा. पर्सिव्हल या दोन्ही वह्यांत नीट बसत नाही. त्याने ज्याला सर्वाधिक दिले तो त्याच्या धर्मात आला नाही. त्याने जे सर्वाधिक श्रमाने केले ते त्याच्या धर्मबांधवांना रुचले नाही. आणि ज्या गोष्टी त्याने जाता जाता केल्या, एक साप्ताहिक, एक म्हणींचा संग्रह, एका हुशार मुलाला मद्रासेस बोलावणे, त्यांचाच उपयोग तमिळ भाषेला टिकाऊ झाला. दुसऱ्याच्या भाषेत काम करणाऱ्याने तिच्या खऱ्या मालकांचा अधिकार मान्य केला पाहिजे, आणि तो एकदा मान्य केला की त्यांच्या हातून आपल्या हेतूच्या उलट कार्य घडले तरी तक्रारीला जागा उरत नाही. पर्सिव्हलने पहिली गोष्ट केली आणि दुसरीची किंमत चुकविली. मराठीत आज परप्रांतीय आणि परदेशी अभ्यासकांचे काम वाढत आहे, आणि मराठी माणसेही इतर भाषांच्या प्रांतात जाऊन लिहू-बोलू लागली आहेत. अशा वेळी या जुन्या व्यवहाराचा ताळेबंद पुढील पानांत वाचकाने स्वतः तपासून पाहावा, आणि त्यातील नफा-तोटा कोणाच्या खाती मांडावयाचा हे स्वतःच ठरवावे.